पगार १८ लाखांवरून २६ लाख झाला, तर सुख किती वाढेल?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे उत्तर कुणाला आहे ते कळेल. वय ३४, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, वर्षाला १८ लाख. बंगळुरूच्या कंपनीकडून २६ लाखांची ऑफर आली आहे. वाकडला फ्लॅट, त्याचा हप्ता चालू. आईवडील साताऱ्यात, वडिलांना मधुमेह. विचारणं असं आहे की, जास्त पैसा मिळाला की माणूस खरंच सुखी होतो का, की ते नुसतं मृगजळ?

मी मानसशास्त्रातला नाही. १९८३ ते २०१६ अशी ३३ वर्षं बँकेत काढली, त्यातली बहुतेक ग्रामीण आणि निमशहरी शाखांत. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतले लोक पैशाचं काय करू म्हणून विचारायला येतात, त्यांना जमेल तसं सांगतो. पैसा हातात येताना आणि हातातून जाताना माणसाचं तोंड कसं दिसतं, ते मात्र मी काउंटरच्या आतून रोज पाहिलं आहे. त्या जोरावर सांगतो: हो, पैशानं माणूस सुखी होतो. "पैशात काय आहे हो" हे वाक्य मी आजवर फक्त जेवण झालेल्या माणसाकडून ऐकलं आहे.

पण किती होतो, कशामुळे होतो आणि कुठे गाडी अडते, हे वेगळं बघावं लागतं.

सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात माझी एक शाखा होती, १९९० च्या दशकात. तिथं सोनेतारणाचं वेळापत्रक शेतीच्या वेळापत्रकावर चालायचं. जूनमध्ये शाळा उघडल्या, बी-बियाणं घ्यायची वेळ आली की पाटल्या, बोरमाळा, गंठण बँकेत यायचं. सराफ वजन करणार, कस लावणार, मग कापडी पिशवी, वर सील, आणि पिशवी तिजोरीत. हिवाळ्यात कारखान्याचं ऊस बिल जमा झालं की तीच माणसं सोनं सोडवायला यायची. ऊस नेल्यापासून १४ दिवसांत बिल द्यायचं असा कायदा आहे. पण कायद्याचे १४ दिवस आणि शेतकऱ्याचे १४ दिवस यांत बरेचदा दोन महिन्यांचा फरक पडायचा.

असंच एकदा एक मावशी मुलाला घेऊन आल्या. कर्ज ९,००० चं, वर व्याज. पावती केली, पिशवी आणली, त्यांच्यासमोर सील फोडलं. त्यांनी बोरमाळ हातात घेतली आणि एकेक मणी बोटानं सरकवत मोजला. आमच्यावर अविश्वास होता म्हणून नव्हे, त्यांना ते मणी पाठच होते. मग तिथंच, रांगेत मागे माणसं उभी असताना, गळ्यात घातली, पदर सारखा केला आणि मुलाला म्हणाल्या, "चल, आता जाऊया लग्नाला. न्हाईतर काय सांगणार हुतो त्यास्नी?" भावाच्या मुलीचं लग्न होतं, आणि मोकळ्या गळ्यानं जायला नको म्हणून जायचंच नाही, असं त्यांचं ठरलं होतं.

त्या दिवशी बँकेतून बाहेर पडताना त्यांच्याकडे रोख रक्कम जवळपास शून्य होती. बिलातलं बरंच व्याज-मुद्दलात गेलं होतं. तरी इतका मोकळा चेहरा मी पुढे एक कोटीच्या ठेवीवर सही करणाऱ्यांचाही पाहिला नाही.

हे नुसतं माझं मत नाही. तामिळनाडूतल्या ५४ गावांत उसाच्याच ४६४ शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला, २०१३ साली ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात आला. आनंदी मनी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शाफिर आणि जियायिंग झाओ यांचा. तोच शेतकरी, तोडणीच्या आधी आणि तोडणीनंतर, दोन्ही वेळा विचारशक्तीच्या सोप्या चाचण्या. तोडणीआधी, म्हणजे हात तंग असताना, ७८ टक्के लोकांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं. तोडणीनंतर ४ टक्के. आणि तोडणीनंतर त्याच माणसांना चाचण्या बऱ्या जमल्या. माणूस तोच, डोकं तेच. पण आधी अर्धं डोकं गहाण दागिन्यापाशी होतं. शाखेत बसून हे आम्हाला रोज दिसायचं. मार्चअखेर आली की पीककर्जाचं नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं फेडून नवं घ्यायला, आलेला माणूस स्वतःच्या सहीत चुकायचा. आम्ही त्याला अडाणी समजायचो, आज त्याची लाज वाटते.

आता आकड्यांचं. तुमच्या पिढीत एक आकडा फार फिरतो, ७५,००० डॉलरचा: त्यापुढे पैशानं सुख वाढत नाही म्हणे. हा मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनेमन आणि अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांच्या २०१० च्या शोधनिबंधातला. अमेरिकेतल्या साडेचार लाख उत्तरांवरून त्यांनी सांगितलं होतं की रोजच्या मनःस्थितीची चढण त्या उत्पन्नाच्या आसपास थांबते. आयुष्याकडे एकूण पाहून माणूस स्वतःला जी पायरी देतो, ती मात्र चढतच राहते. लोकांनी पहिला अर्धा भाग उचलला, दुसरा सोडला. शिवाय काही महाभागांनी त्या डॉलरला त्या दिवशीच्या भावानं गुणून रुपयांतली "सुखाची मर्यादा" काढली. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता आणि अमेरिकेतलं घरभाडं एकाच तागडीत कसं बसतं, हे त्यांनाच माहीत.

२०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी ३३,००० वर अमेरिकी नोकरदारांना फोनवरून, दिवसात अवचित, "आत्ता कसं वाटतंय" असं विचारून १७ लाखांहून जास्त उत्तरं गोळा केली. त्यात चढण थांबलेली दिसली नाही. मग काहनेमन यांनी भांडत न बसता त्यांच्याबरोबरच काम केलं, बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ म्हणून घेतलं, आणि २०२३ मध्ये निकाल आला. सर्वात दुःखी असलेले जे १५-२० टक्के लोक आहेत, त्यांचं दुःख साधारण एक लाख डॉलरपर्यंत कमी होतं आणि तिथं थांबतं. जवळचं कुणी गेलं असेल, मन मोडलं असेल, नैराश्य असेल, तर त्यापुढचा पैसा काही करत नाही. बाकीच्यांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत राहतं.

पण वाढतं कसं, ते बघा. ते रुपयाच्या हिशेबानं वाढत नाही, पटीच्या हिशेबानं वाढतं. १० हजारांचे २० हजार झाले की जेवढी एक पायरी, तेवढीच पुढची पायरी चढायला २० चे ४० करावे लागतात, मग ४० चे ८०. तुमचे १८ चे २६ म्हणजे १.४४ पट. दुप्पट झाल्यावर जेवढी पायरी चढला असता, त्याच्या निम्म्याहून जरा जास्त. तीच चढण तुमच्या ऑफिसात महिन्याला १२,००० वर झाडलोट करणाऱ्या माणसाला ५,३०० रुपयांच्या वाढीत मिळते. तुम्हाला त्यासाठी वर्षाला ८ लाख लागतात.

आणि ती पायरीही फार उंच नाही. याच २०२३ च्या लेखात दिलं आहे की वर्षाला १५,००० डॉलर आणि अडीच लाख डॉलर मिळवणाऱ्यांतल्या मधल्या माणसाच्या सुखात १०० पैकी साधारण ५ गुणांचा फरक. उत्पन्न चौपट झाल्याचा परिणाम शनिवार-रविवारच्या सुट्टीएवढा, आणि डोकेदुखीच्या परिणामाच्या एक तृतीयांशाहून कमी. हे वाचून मी बायकोला म्हटलं, म्हणजे आपल्या बामाच्या बाटलीची किंमत मी आयुष्यभर चुकीची धरली.

मग माणसं पैशामागे वेडी का होतात? त्याचं उत्तर मला पुढच्या एका शाखेत मिळालं, खेड तालुक्यात, कारखाने आणि बिल्डर दोन्ही गावात शिरले त्या काळात. एकरांचं बोलणारं गाव दोन-तीन वर्षांत गुंठ्यांवर बोलायला लागलं. "गुंठामंत्री" हा शब्द तुम्ही ऐकला असेल, जमीन विकून एकदम श्रीमंत झालेल्याला चेष्टेनं म्हणतात. पांढरे कपडे, गळ्यात जाड साखळी, दारात मोठी गाडी, तिला हट्टानं घेतलेला नंबर. शहरातल्या लोकांना या माणसाचा फार राग येतो. मला कधी आला नाही. ज्यानं तीस वर्षं गावच्या पतपुरवठा सोसायटीच्या सचिवापुढे, ग्रामसेवकापुढे, आमच्यासारख्या मॅनेजरपुढे टोपी काढून उभं राहून काढली, तो पैसा आल्यावर पहिल्यांदा काय करेल? खुर्चीत बसेल. गाडी ही त्याची खुर्ची होती.

अडचण पुढची. एक उदाहरण सांगतो, ओळख पटू नये इतपत बदलून. दोन भाऊ, एक बहीण. वडिलांच्या नावची जमीन, विक्रीचे एक कोटी चाळीस लाख आले. बहिणीनं बऱ्याच वर्षांपूर्वी हक्कसोड करून दिलेलं. तेव्हा ती कोरडवाहू जमीन कुणी फुकट घेतली नसती. महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत १९९४ मध्ये वाटा दिला, देशभर तो २००५ मध्ये झाला, पण आपल्याकडे माहेर तुटू नये म्हणून बहिणी सह्या करत आल्या, तिनंही केली. पैसे आल्यावर भावांनी तिला साडी आणि ५१,००० दिले. ती काही बोलली नाही. पुढच्या दिवाळीत भाऊबीजेला आली नाही, त्याच्या पुढच्याही. धाकटा भाऊ नंतर एकदा ठेवीची मुदत वाढवायला आला होता. फॉर्मवर नॉमिनीचं नाव लिहिताना पेन थांबला. लग्नाआधी त्याच्या पहिल्या पासबुकावर नॉमिनी म्हणून बहिणीचं नाव होतं, ते त्याला आठवलं असावं. मला म्हणाला, "साहेब, तिला पंचवीस-तीस लाख दिले असते तर आमचं काय अडलं असतं?" मी काय बोलणार. मोठ्या भावाशीही त्याचं बोलणं एव्हाना बंद होतं.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, ती सकाळची. रान विकलं तशी त्या माणसांची सकाळ गेली. पहाटे उठायची सवय शरीराला राहिली, जायला जागा राहिली नाही. साडेनवाला शाखा उघडायच्या आत ही मंडळी बाहेरच्या कट्ट्यावर येऊन बसलेली असायची. काम काही नसायचं, पासबुक भरून घ्यायचं. कालच भरलेलं असायचं.

आता इथं मला स्वतःचा कान धरायला हवा. पैसा आला आणि घर बुडालं, या गोष्टी मला आठवतात कारण त्या गोष्टी आहेत. त्याच गावात एकानं तीन एकर विकून शिरूरकडे पाच एकर घेतली, दोन म्हशींच्या चार केल्या, उरलेलं मुदत ठेवीत टाकलं. त्याच्याबद्दल मला एवढंच आठवतं की तो वर्षातून एकदा येऊन व्याजाचा दाखला घेऊन जायचा. तो सुखी होता का? बहुधा होता. सुखी माणूस मॅनेजरच्या केबिनमध्ये कशाला येईल?

लॉटरीबद्दल तसंच झालं आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अवघ्या २२ लॉटरी विजेत्यांना विचारलं, ते शेजाऱ्यांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत, आणि तेवढ्यावर चाळीस वर्षं कीर्तनं झाली. २०२० मध्ये स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांचा फार मोठा अभ्यास आला, बक्षीस लागून ५ ते २२ वर्षं झालेल्या लोकांचा. त्यांचं आयुष्याबद्दलचं समाधान वाढलं होतं आणि ते टिकलंही होतं. रोजच्या आनंदावरचा परिणाम मात्र लहान. म्हणजे घर भक्कम झालं, रोजचा चहा तोच राहिला.

शेजारी हा विषय टाळता येत नाही. केनियात गरीब कुटुंबांना विनाअट रोख रक्कम दिली गेली, त्यावर हौशोफर आणि शापिरो यांचं काम आहे. ज्यांना मिळाली त्यांचं समाधान वाढलं, आणि त्याच गावात ज्यांना मिळाली नाही त्यांचं घटलं. मला हे शिकायला केनियाला जावं लागलं नाही. २०१० मध्ये आमचा, म्हणजे बँकवाल्यांचा, पगाराचा नववा द्विपक्षीय करार झाला, अडीच वर्षांची थकबाकी एकदम जमा झाली. आम्ही धुलाई यंत्र घेतलं, मी दोन दिवस हवेत होतो. शनिवारी कळलं की माझ्याच बॅचच्या एका सहकाऱ्याला ११,००० जास्त मिळाले आहेत, एका वेतनवाढीच्या फरकामुळे. रविवारभर मी ते गणित कागदावर करत बसलो. धुलाई यंत्र बापडं कोपऱ्यात फिरत होतं.

एवढं सगळं पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे. पैशाचं सुख सगळ्यात जास्त कुठं असेल, तर कुणापुढे हात पसरावा लागत नाही तिथं. मावशींची बोरमाळ त्यातली. गुंठामंत्र्याची गाडीही त्यातलीच. परवा, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यायला मी बँकेत गेलो होतो. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० काढायला बायकांची रांग होती. योजना चांगली की वाईट, सरकारच्या तिजोरीला परवडते का, यावर माझी मतं आहेत, ती राहू द्या. एका बाईंनी मला स्लिप भरून द्यायला सांगितली. ५०० काढायचे होते, बाकी खात्यात. मी विचारलं, सगळे का नाही काढत? म्हणाल्या, "राहू द्यात की. पोरगीला वही लागली तर मागायला नको घरात." नवरा वाईट होता असं नाही, बाहेर रिक्षात बसून वाट बघत होता. पण वहीसाठी मागावं लागणं आणि न लागणं, यातलं अंतर त्या ५०० रुपयांत भरून निघत होतं. पटीच्या हिशेबात बसवलं तर शून्यातून काहीतरी म्हणजे किती पट? ते गणित होत नाही.

म्हणून तुमच्या ऑफरकडे मी अशा नजरेनं पाहतो. आठ लाखांनी तुमचं कोणतं मागणं संपतं? तुम्ही वडिलांच्या औषधासाठी कुणाकडे मागत असाल, क्रेडिट कार्डाचं कमीत कमी बिल भरून पुढच्या महिन्यावर ढकलत असाल, हप्त्याच्या तारखेला खात्यात पैसे नसल्यानं मित्राला फोन करत असाल, तर बिनधास्त जा. दोन वर्षं जा, कर्ज निम्मं करा, परत या. त्या पैशाचं सुख खरं आहे आणि ते टिकेल.

यातलं काहीच नसेल, तर हिशेब बदलतो. पुणे-सातारा जेमतेम दोन-अडीच तास. बंगळुरूहूनही तोच हायवे येतो, पण सातशे किलोमीटरच्या वर आणि अख्खी रात्र बसमध्ये. वडिलांची साखर रात्री अकराला खाली गेली, तर आई कुणाला फोन करणार? शेजाऱ्यांना. म्हणजे हात पसरणं संपलं नाही, तुमच्याकडून आईकडे गेलं. रोजच्या प्रवासाचंही बघा. वाकड ते हिंजवडी तुम्हाला छळत असेल, पण बंगळुरूत ऑफिसपासून किती लांब घर मिळतंय ते आधी विचारा. काहनेमन यांच्याच २००४ च्या अभ्यासात टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांनी आदल्या दिवसाचा तास-तास लिहून दिला होता; सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास सगळ्यात तळाला होता. पगार वर्षातून एकदा वाढतो, सिग्नल रोज लागतो.

आणि कृपा करून २६ हा आकडा डोक्यात धरू नका. त्यात बोनस किती, कंपनीच्या शेअर्सचा भाग किती, कर जाऊन महिन्याला खात्यात किती जमा होणार, ते त्यांच्याकडून लेखी घ्या. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं किती येईल आणि बंगळुरूत भाडं व अनामत किती जाईल, ते त्याखाली लिहा. मी केलेल्या अशा हिशेबांत आठ लाखांचे तीन उरलेले पाहिले आहेत.

तर आधी मला एवढं कळवा: हप्ता किती आणि किती वर्षं राहिला आहे, नोकरी उद्या गेली तर किती महिन्यांचा खर्च बाजूला आहे, आणि गेल्या वर्षभरात साताऱ्याला किती वेळा गेलात. तिसरा आकडा आईला विचारून लिहा, स्वतःच्या आठवणीतून नको.